चिप डिझाइनच्या क्लासला लाख रुपये भरण्याआधी हे वाचा: विद्यापीठाच्या संशोधन गटात कसं जायचं?

‘सेमीकंडक्टर क्षेत्रात लाखो नोकऱ्या! सहा महिन्यांत चिप डिझायनर बना! १०० टक्के प्लेसमेंट!’ पोरगा किंवा पोरगी इंजिनिअरिंगला आहे अशा बऱ्याच पालकांच्या व्हॉट्सॲपवर हा मेसेज येऊन गेला असेल. फोन करून फी विचारली की आकडा लाख-दीड लाखावर जातो. मग घरात चर्चा सुरू होते. सोयाबीनची पट्टी आली की भरू, नाहीतर पतसंस्थेतून उचलू.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट कानावर असू द्या. याच विषयात काम करणारे संशोधन गट आयआयटी, एनआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आपल्या राज्यातल्या काही विद्यापीठांमध्ये आहेत. आयआयटी-एनआयटीत गेटच्या गुणांवर एमटेकला निवड झाली तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पूर्ण वेळ पीएचडीला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. संस्थेची फी, मेस, हॉस्टेल यांचा खर्च असतोच, पण पैसा दोन्ही बाजूंनी फिरतो. क्लासमध्ये तो एकाच बाजूला जातो.

हा रस्ता सोपा नाही. पण तो कुठून सुरू होतो हेच गावाकडच्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत.

आधी चिप म्हणजे काय ते समजून घेऊ

शेतात पाणी भरताना आपण दारं धरतो. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की माती ओढून बंद करायचं, दुसरी उघडायची. ट्रान्झिस्टर हे असंच एक दारं आहे, फक्त पाण्याऐवजी विजेचं. त्याच्या तीन टोकांची नावंसुद्धा तशीच आहेत: सोर्स म्हणजे उगम, ड्रेन म्हणजे निचरा आणि मधलं गेट म्हणजे दार. गेटवर व्होल्टेज दिलं की वाट उघडते, काढलं की बंद होते. उघडं म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. अशी कोट्यवधी दारं सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर बसवली की झाली चिप. महागड्या मोबाइलच्या मुख्य चिपमध्ये ट्रान्झिस्टरची संख्या हजार कोटींच्या वर गेलेली आहे.

मोजमाप नॅनोमीटरमध्ये होतं. पंजाबमधल्या मोहालीत सेमीकंडक्टर लॅबोरेटरी नावाची सरकारी फॅब आहे, म्हणजे चिप बनवायचा कारखाना. तिथं १८० नॅनोमीटरचं तंत्र चालतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत अशा चारशेवर रेघा शेजारी शेजारी बसतील. जगातल्या सगळ्यात पुढच्या कारखान्यांपेक्षा हे तंत्र बरंच जुनं आहे, पण टाकाऊ नाही. इस्रोसाठी बनलेला ‘विक्रम ३२०१’ हा प्रोसेसर याच मोहालीत तयार झाला.

गटात कोण असतं आणि काम काय चालतं?

संशोधन गट हे काही ऑफिस नाही. एक प्राध्यापक असतात. त्यांच्या हाताखाली चार-पाच ते दहा-पंधरा जण: पीएचडी करणारे, एमटेकचे, आणि प्रकल्पावर पगारी नेमलेले सहायक. प्रत्येकाकडे एक प्रश्न असतो आणि त्याच्यामागे तो दोन-चार वर्षं लागलेला असतो.

काम दोन वाटांनी चालतं, आणि कुठली वाट आपली हे आधी ओळखायला हवं.

पहिली वाट डिझाइनची. इथं सगळं काम संगणकावर. आधी सर्किट ठरवायचं, ते चालतं का हे सॉफ्टवेअरवर तपासायचं, मग प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि तार कुठं बसेल याचा नकाशा काढायचा. नकाशा पक्का झाला की तो फॅबला पाठवतात, याला ‘टेपआउट’ म्हणतात. पुढं काही महिने वाट बघायची. चिप हातात आली आणि एक तार चुकीच्या जागी गेलेली निघाली, तर खोडून दुरुस्त करता येत नाही. पेरणी चुकल्यावर जसं पुढच्या हंगामाशिवाय इलाज नसतो तसं. त्यामुळे पाठवायच्या आधीचे आठवडे गटात कोणी नीट झोपत नाही.

आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये बाहेर आला, तो याच वाटेनं. डिझाइन पवईत झालं, चिप १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर त्याच सरकारी फॅबमध्ये बनली. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरच्या कामातही विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे.

दुसरी वाट डिव्हाइसची, म्हणजे ट्रान्झिस्टरच नव्या पद्धतीनं, नव्या पदार्थांत बनवून बघायचा. हे काम क्लीन रूममध्ये होतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आत जायचं, कारण धुळीचा एक कण पडला तरी चिप वाया. नकाशा छापायच्या खोलीत दिवे पिवळे असतात, तिथला लेप साध्या उजेडानं खराब होतो म्हणून. हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी रसायनं हाताळावी लागतात. अंगावर पडलं तर लगेच फारसं जाणवत नाही, पण ते आत हाडापर्यंत जातं. म्हणून प्रशिक्षणाशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत. ज्याला हातानं काम करायची सवय आहे, चिकाटी आहे, भौतिकशास्त्र आवडतं, त्याला ही वाट मानवते. बीएस्सी-एमएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स केलेल्यांनी ‘चिप म्हणजे इंजिनिअरवाल्यांचं काम’ असं समजू नये, ते या वाटेनं जातात.

आयआयटी मुंबईत अशी नॅनोफॅब्रिकेशन सुविधा आहे. आणखी एक गोष्ट फार कमी कॉलेजांना माहीत असते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची ‘आयएनयूपी’ नावाची योजना आहे. तिच्यातून भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, मद्रास, दिल्ली, खरगपूर, गुवाहाटी या आयआयटींच्या प्रयोगशाळा बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांना, शिक्षकांना उघड्या आहेत. ओळख करून देणाऱ्या कार्यशाळाही होतात. आपल्या कॉलेजच्या सरांना याबद्दल विचारा. त्यांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

आत जायचे दरवाजे

मुख्य दरवाजा गेट परीक्षेचा. मजेची गोष्ट म्हणजे ट्रान्झिस्टरच्या दाराचं नावही गेटच.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनाही देता येते. पदवी पदवीच असते, ‘आमचा डिप्लोमा आहे’ म्हणून कमीपणा घ्यायचं काही कारण नाही. परीक्षा ३ तासांची, १०० गुणांची, ६५ प्रश्न. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे: थोडं इंग्रजी, थोडं गणित. चिपच्या कामासाठी बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्सचा ईसी पेपर देतात. काही संस्था इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, भौतिकशास्त्र हे पेपरही धरतात. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर गुण कापतात, पण जिथं आकडा स्वतः टाइप करायचा असतो तिथं चुकलं तरी कापत नाहीत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, घरचा चालत नाही. म्हणून सराव करतानाही स्क्रीनवरचाच वापरा, नाहीतर ऐन परीक्षेत बटणं शोधण्यात वेळ जातो.

अर्ज साधारण ऑगस्टअखेर सुरू होतात आणि सप्टेंबरअखेर बंद होतात. गणपती-गौरीच्या धामधुमीत तारीख निघून जाते, पुढं विलंब शुल्क लागतं. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. महिला आणि एससी, एसटी, दिव्यांग उमेदवारांना फी निम्मी असते. गुण ३ वर्षं चालतात.

निकालानंतर मात्र खरी गडबड होते. गेटचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. प्रत्येक आयआयटीत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि आलेली ऑफर ‘सीओएपी’ या सामायिक पोर्टलवर स्वीकारायची असते. एनआयटीसाठी ‘सीसीएमटी’ हे वेगळं पोर्टल आहे. नागपूरची व्हीएनआयटी त्यात येते. निकाल लागल्यावर गावी निवांत बसून राहिलेली आणि अर्जाची तारीख चुकलेली पोरं दर वर्षी निघतात.

आयआयटी मुंबईत एमटेकचाच एक तीन वर्षांचा प्रकार आहे, त्याला रिसर्च असिस्टंट म्हणतात. लॅबचं काम सांभाळत शिकायचं. यात गेटच्या गुणांबरोबर परीक्षा-मुलाखतही असते. म्हणजे गेटमध्ये थोडं मागं पडलेला पण विषय पक्का असलेला विद्यार्थी इथं पुढं येऊ शकतो. ज्याला संशोधन गटातच जायचं आहे त्यानं हा पर्याय वगळू नये. एक वर्ष जादा जातं म्हणून बरेच जण सोडतात. आमच्या मते ते वर्ष वाया जात नाही.

दुसरा दरवाजा पीएचडीचा. बऱ्याच संस्थांत वर्षातून दोनदा निवड होते. एमटेक किंवा एमएस्सीनंतर तर जाता येतंच, पण चांगले गुण आणि गेट असेल तर बीटेकनंतर थेटही घेतात. एमएस्सीवाल्यांसाठी सीएसआयआर-नेट, जेस्ट, आणि इलेक्ट्रॉनिक सायन्समधली यूजीसी-नेट हे रस्ते आहेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही इलेक्ट्रॉनिक्स विभाग आहे. राज्यातल्या विद्यापीठात पीएचडी करताना फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय, अशा संस्था आहेत. त्यांच्या वेबसाइटवर जाहिरात निघाली तरच अर्ज करता येतो, म्हणून अधूनमधून उघडून बघत राहायला हवं.

तिसरा दरवाजा छोटा आहे पण कामाचा आहे. प्राध्यापकांना सरकारी किंवा कंपनीचा प्रकल्प मिळाला की त्यात माणसं लागतात. ‘प्रोजेक्ट असिस्टंट’, ‘प्रोजेक्ट असोसिएट’ अशा नावांनी जाहिराती संस्थेच्या वेबसाइटवर येतात. काही जागांना गेट लागत नाही, काही तांत्रिक जागांना डिप्लोमा किंवा बीएस्सी चालतं. नेमणूक कंत्राटी असते, प्रकल्प संपला की संपते. पण वर्षभर गटात काम केलं, की पुढं एमटेक-पीएचडीच्या मुलाखतीला तुम्ही नवखे राहत नाही. त्या लॅबमधल्या लोकांनी तुमचं काम पाहिलेलं असतं.

पोरं सर्किटमध्ये नाही, दाखल्यात अडकतात

हा भाग पालकांनी नीट वाचावा, कारण सेतू केंद्राच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतात.

आयआयटी, एनआयटी या केंद्राच्या संस्था. तिथं राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आणि तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेला मागतात. गेल्या वर्षीचा दाखला तीन वर्षांसाठी आहे, असं सांगून तिथं भागत नाही. अर्ज करताना ‘केंद्र शासनाचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचाच निघतो. जात केंद्राच्या यादीत आहे का हेही बघा, राज्याची आणि केंद्राची यादी तंतोतंत सारखी नाही.

एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे, आयआयटीत ते लागू होत नाही. मराठा समाजातल्या ज्यांच्याकडे कुणबी दाखला आहे ते केंद्राच्या ओबीसी यादीत बसतात. ज्यांच्याकडे नाही आणि जे केंद्राच्या कुठल्याच आरक्षणात येत नाहीत, ते अटी पुऱ्या होत असतील तर केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी अर्ज करू शकतात. त्याला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी. जमीन कुटुंबाची मिळून धरतात, एकट्या वडिलांच्या सातबाऱ्यावरची नाही.

उत्पन्नाच्या हिशोबातही फरक आहे. ईडब्ल्यूएसला शेतीचं उत्पन्न धरतात. नॉन-क्रिमिलेअरच्या उत्पन्न मर्यादेत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे कागदोपत्री स्पष्ट असलं तरी खिडकीवर वेगळं ऐकायला मिळू शकतं, म्हणून नियमाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

आणखी एक बारीक काटा नावाचा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. गेटच्या अर्जातलं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. तिसऱ्या वर्षाला असतानाच सगळी कागदं एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

फुकट काय शिकता येतं?

क्लासवाले शिकवतात त्यातलं बरंचसं आज मोबाइल आणि साध्या संगणकावर फुकट आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण कोर्स आहेत: सेमीकंडक्टर डिव्हाइस, ॲनालॉग सर्किट, डिजिटल सर्किट, व्हीएलएसआय डिझाइन. बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर फी आहे. इंग्रजी समजायला जड जात असेल तर वेग कमी करा, खालची अक्षरं चालू करा. पहिले पंधरा दिवस डोक्यावरून जातं. मग कान बसतो.

सर्किट बनवून बघायला ‘ई-सिम’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं, पूर्ण मोफत. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक सॉफ्टवेअरचे छोटे धडे भारतीय भाषांत आहेत, मराठीतही. फॉसीची उन्हाळी फेलोशिपही असते. तिच्यात निवड एखादं काम देऊन होते, कॉलेजचं नाव बघून नाही. तालुक्याच्या कॉलेजमधल्या पोरांनी यावर डोळा ठेवायलाच हवा.

चिपचा नकाशा काढायला ‘मॅजिक’ आणि ‘के-लेआउट’, सर्किट तपासायला ‘एनजीस्पाइस’, डिजिटल डिझाइनला ‘आयकॅरस व्हेरिलॉग’ ही सगळी मोफत आहेत. २०२० मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या स्कायवॉटर कंपनीनं १३० नॅनोमीटरच्या खऱ्या फॅबचे नियम सगळ्यांसाठी खुले केले. आधी असे नियम गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नव्हते. आज कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून एखादा विद्यार्थी खऱ्या कारखान्याच्या नियमांनुसार छोटं सर्किट काढू शकतो.

कंपन्यांत वापरतात ती कॅडेन्स, सिनॉप्सिस यांची सॉफ्टवेअर मात्र फार महाग. त्यासाठी केंद्राची ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजना आहे. ८५ हजार जणांना या कामात तयार करायचं तिचं उद्दिष्ट आहे. बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिप-इन केंद्रातून निवडलेल्या कॉलेजांना ही सॉफ्टवेअर वापरायला मिळतात, विद्यार्थ्यांची डिझाइन मोहालीत बनवूनही देतात. आपलं कॉलेज यात आहे का, एवढा एक प्रश्न विभागप्रमुखांना विचारा. ज्यांना आत्ता बारावीनंतर किंवा डिप्लोमानंतर कॉलेज निवडायचं आहे, त्यांनी तर प्रवेशाआधीच विचारावा. इमारत आणि बसची सोय यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा.

प्राध्यापकांना मेल कसा लिहायचा?

‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन व्हीएलएसआय, प्लीज गिव्ह मी इंटर्नशिप’ असा एकच मेल पन्नास जणांना पाठवला, तर उत्तर येत नाही. प्राध्यापकांकडे असे ढिगानं येतात.

एकाच प्राध्यापकाचं पान उघडा. ते सध्या कशावर काम करतात ते वाचा. त्यांचा एखादा शोधनिबंध उघडा. सगळा कळणार नाही, पहिलं पान आणि आकृत्या बघा. मग मेलमध्ये चार गोष्टी: मी कोण, कुठल्या कॉलेजात, कितव्या वर्षाला, मी स्वतः काय करून पाहिलं, आकड्यांसकट, तुमच्या कामातलं मला काय समजलं आणि काय अडलं, मला नेमकं काय हवं आणि मी कोणत्या महिन्यांत येऊ शकतो. दहा-बारा ओळी पुरे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं भारी इंग्रजी मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला उघडं पडतं.

आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरी उत्तर नाही तर दुसऱ्यांना लिहा. मनाला लावून घेऊ नका.

उन्हाळी सुट्टीसाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादमींबरोबर मिळून समर रिसर्च फेलोशिप देते. निवड झाली तर देशातल्या एखाद्या प्राध्यापकाकडे दोन महिने काम करायला मिळतं. अर्ज आधीच्या वर्षाच्या हिवाळ्यात भरायचे असतात, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

मुलाखतीत काय विचारतात?

पाठांतर तपासत नाहीत. ‘तुमचा आवडता विषय कोणता?’ असं विचारतात आणि मग त्याच विषयात खोल उतरतात. म्हणून जो विषय खरंच येतो तोच सांगा. फळ्यावर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर काढून देतात: स्विच लावला, आता व्होल्टेज कसं चढेल, आलेख काढा. मग रेझिस्टर दुप्पट केला तर? दोघांच्या जागा बदलल्या तर? इन्व्हर्टरचा आलेख, फ्लिप-फ्लॉपचा सेटअप टाइम, ट्रान्झिस्टर तापला तर करंटचं काय होतं, असे प्रश्न येतात. सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातले. पण ‘का’ हे कळलेलं हवं.

येत नसेल तर ‘येत नाही, पण विचार करून बघतो’ म्हणा आणि मोठ्यानं विचार करा. समोरच्यांना तेच बघायचं असतं. सगळ्यात वाईट म्हणजे ठोकून देणं. बाकी इंग्रजी अडखळत असलं तरी फळ्यावरचं गणित बरोबर आलं की बरंच निभावतं.

घरचा हिशोब

आता अवघड भाग. एमटेक दोन किंवा तीन वर्षं, पीएचडी पाच-सहा वर्षं. मित्र नोकरीला लागून मोटारसायकल घेतात, गावात ‘अजून शिकतोच आहे का?’ असं विचारतात. मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा विषय दर दिवाळीला निघतो. महिना ३७,००० मध्ये मुंबई-बंगळुरूत हॉस्टेलवर राहून एक माणूस नीट जगतो, घरी थोडं पाठवूही शकतो. १२,४०० मध्ये घरी पाठवायला फारसं उरत नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल तर हप्ता कधी सुरू होतो, पुढच्या शिक्षणात तो लांबवता येतो का, हे बँकेत आधी विचारा.

संशोधन सगळ्यांना मानवत नाही हेही खरं. दोन वर्षं केलेलं काम चाललं नाही, असं होतं. मार्गदर्शकाशी जमलं नाही तर त्रास होतो. म्हणून गट निवडताना तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला: सर वेळ देतात का, आधीच्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठं आहेत. हे विचारण्यात काही गैर नाही. सोयरीक जुळवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतोच की.

कामाची बाजारपेठ मात्र आहे. बंगळुरूत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये डिझाइन केंद्र उघडलं, तेव्हापासून हे काम देशात वाढत गेलं. केंद्रानं २०२१ च्या डिसेंबरमध्ये ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी कंपनीच्या ९१ हजार कोटींच्या फॅबला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अशा बातम्या दाखवूनच क्लासवाले फी मागतात. पण कारखाना उभा राहतोय म्हणजे आपल्या पोराला तिथं नोकरी ठेवलेली आहे असं होत नाही. डिझाइनचं काम हवं असेल तर एमटेक झालेल्याला पहिली पसंती मिळते, असाच साधारण अनुभव आहे.

एवढं वाचूनही एखाद्या क्लासला जायचंच ठरलं, तर सगळे क्लास वाईट नसतात. पैसे देण्याआधी हे विचारा: कॅडेन्स किंवा सिनॉप्सिसचा अधिकृत परवाना आहे का, आणि तो स्क्रीनवर उघडून दाखवाल का? गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या पाच जणांचे नंबर द्याल का? ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे पावतीवर लिहून द्याल का, आणि नोकरी लागली नाही तर किती पैसे किती दिवसांत परत? फोनवर गोड बोलणारा माणूस तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर देतो ते नीट ऐका.